मागच्या दाराची माणसं

आमच्या घरात ‘वशिला’ हा शब्द कोणी काढायचा अवकाश, की झालं! नात मोबाइल बाजूला ठेवते, जावई खुर्ची पुढे ओढतात आणि आमचे हे “आता तासभर काही खरं नाही” म्हणत चष्मा पुसायला घेतात. मी मुद्दाम सांगायला जात नाही हो. पण एक मंत्री, त्यांची बायको, धुळ्याचा तो बंगला आणि माझी सासू, एवढी चार एका ठिकाणी आली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पायरीवर चपला साचाव्यात तसे ते आपोआप साचतात.

परवा एका लग्नात शेवभाजीच्या पंगतीला एक बाई मला मोठ्यांदा म्हणाल्या, “ताई, तुम्ही मंत्र्यांकडे मागच्या दाराने जायच्या ना?” शेजारच्या चार माना गर्रकन वळल्या! काय समजली असतील ती माणसं, देव जाणे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं नीटच सांगून टाकावं.

तर आबा हे आमच्या खान्देशातले राज्यमंत्री. नाव सांगत नाही, खातंही सांगत नाही. त्यांच्या बायकोला सगळा मुलूख अक्का म्हणायचा. या अक्का आणि माझी सासू, म्हणजे जिजी, दोघी भडगावच्या बालमैत्रिणी. गिरणेत एकत्र पोहलेल्या, एकाच चिंचेवरून एकत्र पडलेल्या. अक्कांना ‘सुमन’ अशी हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे आमच्या जिजी.

बंगल्याला दारं दोन. पुढचं कामाचं, मागचं पाहुण्यांचं. पुढे बाकं, पीए, अर्जांचा गठ्ठा आणि कपभर चहा. मागे ओटा, चूल आणि अक्का. पुढून आलात तर काम सांगा, चहा प्या, निघा. मागून आलात तर पोटभर जेवा, हव्या तेवढ्या गप्पा मारा, पण कामाचं नाव काढायचं नाही! एकदा मागे जेवलं की जेवलं, त्या दिवशी पुढचं दार बंद. हा कायदा अक्कांचा, आणि तो आबांनाही लागू होता.

अक्का म्हणायच्या, “पाहुण्याने काम सांगितलं की तो पाहुणा राहत नाही. अन् काम घेऊन आलेल्याला जेवू घातलं की त्याला वाटतं, काम झालंच! तो गावात जाऊन पेढे वाटतो.”

जगात मागच्या दाराने कामं होतात म्हणे. आमच्या नशिबी मागच्या दाराने फक्त जेवण होतं.

आणि आम्हाला तर काम होतं! मी मास्तरीण. नोकरी चोपड्याच्या पुढे, पार सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात. हे जळगावला बँकेत. आमची चारू तीन वर्षांची, तिला दम्याचा त्रास, डॉक्टर जळगावला. म्हणून ती जिजींजवळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी बस पकडायची आणि सोमवारी पहाटे परत. बदलीचा अर्ज दरवर्षी जायचा, दरवर्षी ‘विचाराधीन’ व्हायचा.

एकदा शेजारी नवीन बिऱ्हाड आलं. चारूने माझा पदर धरून त्यांना ओळख करून दिली, “ही माझी आई. ही रविवारची येते.”

सगळे हसले, मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून भरपूर रडून घेतलं.

शेजारीपाजारी म्हणायचे, “मंत्री घरचा असून बदली होत नाही? कमाल आहे तुमची!” यावर जिजींचं उत्तर ठरलेलं. “सुमनकडे मी जेवायला जाते. काम सांगायला जात नाही. मैत्रीण आहे ती माझी, ऑफिस नाही!”

*

शेवटी ह्यांनी ठरवलं की आपणच बोलायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अक्कांचं जेवायचं बोलावणं आलं होतं. जळगावहून बसमध्ये बसलो तसं ह्यांनी वाक्य तयार केलं, “अक्का, एक लहानसं काम होतं.”

“लहानसं कशाला?” मी म्हटलं. “चांगलं मोठं आहे.”

“सुरुवात लहानशी करावी लागते,” हे म्हणाले. बँकेतला माणूस!

एरंडोलला एकदा म्हणून झालं, पारोळ्याला दोनदा. कधी ‘अक्का’वर जोर, कधी ‘लहानसं’वर. धुळ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत आवाज इतका सुरेख लागला, की पुढच्या सीटवरचे एक म्हातारबा उतरता उतरता म्हणाले, “भाऊ, होईल तुमचं काम!”

बंगल्याशी पोचलो तर जिजी सरळ वळसा घालून मागच्या दाराला. आम्ही त्यांच्या मागे. अक्का खापरावर मांडे टाकत होत्या. पुरणाची ती भली मोठी पोळी दोन्ही हातांवर फिरवून तापल्या खापरावर अलगद सोडायची म्हणजे खेळ नाही. पातेलंभर आमरस तयार. आम्ही बसलो. ह्यांनी घसा साफ केला. “अक्का, एक—”

“एकाने काय होतं रे! दोन घे,” म्हणत अक्कांनी ताटात मांडे टाकले.

दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर रसाची वाटी. तिसऱ्यांदा तूप. चौथ्यांदा तोंड उघडायची ह्यांच्यात ताकदच उरली नाही!

परतीच्या बसमध्ये हे पारोळ्यापर्यंत पट्टा सैल करून बसले होते. मग हे हळूच म्हणाले, “मला वाटलं, तू बोलशील.”

“मला वाटलं, तुम्ही!”

खिडकीशी बसलेल्या जिजींनी सुस्कारा सोडला. “मांडे मात्र जमले होते हो सुमनला.”

*

असे फसलेले आम्ही एकटेच नव्हतो. एरंडोलकडचे एक नाना होते, अक्कांच्या माहेरच्या नात्यातले. त्यांनी म्हणे शक्कल लढवली. मागे बसून भरीत-भाकरी हाणली, पाणी प्यायले आणि “येतो अक्का” म्हणून निघाले, ते बंगल्याला वळसा मारून थेट पुढच्या रांगेत!

पुढच्या दारावर सोनवणे हवालदार. अक्कांचा माणूस. तो म्हणाला, “नाना, हात दाखवा.”

“हात कशाला?”

“दाखवा तर!”

नानांनी हात पुढे केला. हवालदाराने वाकून वास घेतला. “नाना, मागे जेवून आलात.”

“छे छे! घरून जेवून निघालो मी!”

“भरीत, कळण्याची भाकरी, अन् वर लोणचं,” हवालदार म्हणाला. “नाना, मीपण आत्ताच तेच जेवलो!”

पुढच्या खेपेला नाना खिशात साबणाची वडी घेऊन आले होते म्हणतात.

*

आमची दुसरी खेप दिवाळीनंतरची. या वेळी ह्यांनी अक्कलहुशारी केली. बोलायचंच नाही! अर्ज लिहून खिशात ठेवायचा, जेवण झालं की अक्कांच्या हातात द्यायचा आणि पाया पडून पळायचं.

जेवायला शेवभाजी. तुम्हाला आमच्याकडच्या शेवभाजीची तर्री माहीत असेलच. अक्का वाढायला वाकल्या, ह्यांनी “बास बास” करत हात मध्ये घातला, आणि वाटीभर रस्सा ह्यांच्या पांढऱ्या शर्टावर!

“काढ शर्ट!” अक्का कडाडल्या.

“राहू द्या अक्का, घरी धुता येईल.”

“तर्रीचा डाग घरी जाईस्तोवर पक्का होतो. काढ म्हणते ना!”

मंत्र्याच्या बायकोपुढे बनियनवर उभं राहायची वेळ आली. अक्कांनी आबांचा खादीचा सदरा आणून दिला आणि शर्ट स्वतःच्या हाताने दगडावर आपटून आपटून धुतला. पिळताना खिशातून पांढरा लगदा निघाला. “खिशात काही होतं का रे?”

“नाही अक्का,” हे म्हणाले. “साधा कागद होता.”

शर्ट वाळेपर्यंत हे तो ढगळ सदरा घालून बंगल्याच्या बाजूने येरझारा घालत होते. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने पाहिलं. सदरा ओळखीचा, माणूस आतला. त्याला वाटलं, साहेबांचा भाचा-बिचा असणार! तो धावत आला, ह्यांच्या पायाला हात लावला आणि ह्यांच्या हातात एक कागद ठेवून गेला.

हे कागद घेऊन मागे आले. अक्कांनी विचारलं, “हे काय?”

“अर्ज आहे. कोणाचा तरी. बदलीचा.”

“मग इथे कशाला आणलास? पुढे नेऊन पीएला दे!”

ह्यांनी निमूटपणे नेऊन दिला. त्या माणसाची बदली महिन्याभरात झाली! आमचा अर्ज मात्र अक्कांच्या मोरीतून वाहून गेला होता.

*

आता केळ्यांची गोष्ट ऐका. मंत्र्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून येणारा प्रत्येक जण केळीचा घड घेऊन यायचा. आमच्या भागात दुसरं आणणार काय? बंगल्यात पाय ठेवायला जागा नाही! अक्कांना कोणाचं काही ठेवून घ्यायचं नसायचं, आणि परत दिलं तर माणूस दुखावतो. त्यांनी तोड काढली. आधीच्याने आणलेला घड नंतरच्याला जाताना द्यायचा.

एकदा सावद्याचे एक भाऊ आले. खानदानी केळीवाले, बोलायला मोठे गोड. झकास घड आणला, जेवले आणि निघाले. अक्कांनी त्यांच्या जीपमध्ये आदल्या माणसाचा घड ठेवायला लावला. भाऊंनी घडाकडे पाहिलं, एक केळं दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

“अक्का, हा घड कुठला?”

“चोपड्याचा.”

“अक्का!” भाऊंचा आवाज चिरकला. “मी सावद्याचा माणूस. माझ्या जीपमध्ये चोपड्याची केळी? गावात कोणी पाहिलं तर माझ्या पोरींची लग्नं मोडतील हो!”

अक्का कसल्या ऐकतात! शेवटी भाऊंनी घडावर आपलं उपरणं पांघरलं, ड्रायव्हरला गप्प राहायची शपथ घातली आणि घड गाडीतून नेला. मी त्या वेळी चोपड्याकडेच नोकरीला होते, म्हणून मला विचाराल तर केळी उत्तम होती.

*

एकदा आम्ही तिथे असतानाच मुंबईचा फोन आला. आबा नुकते पाटावर बसलेले. पीए धावत आला, “साहेब, मुंबई! फार वरून आहे!”

आबा उठायला लागले. अक्का म्हणाल्या, “बसा तुम्ही.” आणि कणकेच्या हातानेच रिसीव्हर घेतला. पीएने आधी सांगून ठेवलं होतं की साहेब मीटिंगमध्ये आहेत.

“मीटिंगमा नही शेतस,” अक्का फोनवर म्हणाल्या, “जेवी राहिनात! मांडा थंडा व्हई जाई. अर्धा तास बाद फोन करा.”

पीएने भिंतीला टेकून डोळे मिटले. मंत्रिपद गेलं अशीच त्याची खात्री! आबा मान खाली घालून भराभर जेवायला लागले, तर अक्का म्हणाल्या, “सावकाश. अर्धा तास सांगितलाय मी.”

बरोबर अर्ध्या तासाने घंटी वाजली. आबांनी घाबरत घाबरत फोन घेतला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “मांडा म्हणजे काय असतं हो? अन् आम्हाला कधी?”

*

पण अक्कांच्या कायद्याची खरी कमाल आबांनीच आम्हाला एकदा जेवताना सांगितली. ते मुंबईहून आले, चपला काढून मागच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, “अगं, उद्या वीस माणसं जेवायला यायची आहेत.”

अक्का म्हणाल्या, “हे काम झालं. पुढच्या दाराने या.”

आबांना वाटलं, थट्टा. अक्का पाठ फिरवून तांदूळ निवडायला बसल्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी मंत्रिमहोदय उठले, चपला घातल्या, स्वतःच्या बंगल्याला वळसा मारून पुढे गेले आणि बाकावर बसले. शेजारी शिरपूरचा एक शेतकरी होता. तो म्हणाला, “तुमचं काय अडलंय भाऊ?” आणि मग चेहरा पाहून ताडकन उभाच राहिला!

अक्का आतून आल्या. पदर सारखा केला. “बोला, काय काम होतं?”

“वीस माणसं जेवायला आहेत उद्या.”

“बरं. अर्ज ठेवून जा. बघते!”

सांगताना आबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आम्हीही हसलो. मी मात्र हसता हसता विचार करत होते, आबा तरी पुढे जाऊन सांगून आले. आपल्याला कधी जमणार?

*

असं करता करता चौथं वर्ष उजाडलं. त्या वर्षी एका मंगळवारी चारूला जोराचा दमा लागला. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. मला निरोप पोचला गुरुवारी! तोवर पोर घरी येऊन बिस्किटं खात होती. पण मी जी घाबरले ती घाबरलेच. म्हटलं, खड्ड्यात गेला तो मानपान. आता मी एकटी जाणार आणि पुढच्या दाराने जाणार!

रजा टाकली, धुळे गाठलं, रांगेत बसले. सोनवणे हवालदार माझ्यासमोर येऊन थांबला.

“ताई, तुम्ही मागच्या दाराच्या.”

“आज पुढच्या दाराने आले, भाऊ.”

“असं कसं चालेल? मागच्या दाराची माणसं इथे बसवली तर अक्का मला बोलतील ना!” आणि मी नको नको म्हणतेय तोवर त्याने आवाज दिला, “अक्काऽ, जळगावच्या सूनबाई आल्यात!”

अक्का लगबगीने आल्या, माझा हात धरला. “वेडी का गं तू? परक्यासारखी इथे बसतेस? तुझी सासू ऐकेल तर मला काय म्हणेल?” ओढतच मला मागे नेलं, पाट मांडला, ताट वाढलं. माझ्या समोर गरम भाकरी आणि पाठीवर अक्कांचा हात. काय बोलणार हो माणूस! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“काय गं, ठेचा जास्त तिखट झाला का?”

“हो अक्का,” मी म्हटलं, आणि रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या.

*

मग निवडणूक आली आणि आबा पडले! चांगले दणकून पडले. निकालाच्या तिसऱ्या दिवशी मी रजेवर घरी होते, तर सकाळीच जिजी नवी साडी नेसून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “शोभा, चल. धुळ्याला जायचंय.”

“आत्ता? जिजी, त्यांच्या घरी आज काय वातावरण असेल...”

“म्हणूनच.”

बंगल्यापुढे चिटपाखरू नव्हतं. बाकं रिकामी. पीए नाही, सोनवणे हवालदार नाही. आम्ही आपल्या सवयीने मागे गेलो. अक्का भाकरी थापत होत्या आणि आबा ओट्यावर एकच वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचत होते.

जिजी अक्कांच्या शेजारी चुलीपाशी बसल्या आणि सगळं सांगितलं. माझी नोकरी, चारूचा दमा, रविवारची आई, तो गुरुवार, सगळं. चार वर्षं या बाईने एक अक्षर काढलं नव्हतं, ती सांगता सांगता हमसून रडायला लागली. मी सासूला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अक्कांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. हे सगळं आत्ता सांगतेस, आधी का नाही, म्हणून त्या अहिराणीतच जिजींवर कडाडल्या. “कमळ! बठ्ठं आते सांगस? आधी काबर नही सांगं?”

“तवय तुन्हा नवरा मंत्री व्हता,” जिजी म्हणाल्या.

“आन आते?”

“आते हाई काम नही. आते हाई नुसतं मन्हं दुख शे. मैत्रिणले दुख सांगतस.”

अक्कांनी पिठाच्या हातानेच जिजींच्या पाठीत एक धपाटा घातला. साडीवर पाच बोटं उमटली. मग दोघी गळ्यात गळा घालून जे रडल्या! आबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, तेही उलटं.

रडणं आटोपल्यावर अक्कांनी डोळे पुसले, भाकरी उलटली आणि हुकूम सोडला, “उठा. सदरा घाला.”

“कुठे जायचंय?” आबा म्हणाले.

“जळगावला. बदल्यांच्या ऑफिसात.”

“अगं, आता माझं कोण ऐकणार?”

“ऐकतील नाहीतर नाही ऐकणार! लाइनीत उभं राहायला काही मंत्री असावं लागत नाही.”

*

गाडी सरकारने परत नेली होती. आम्ही चौघं एसटीने निघालो. पुढच्या सीटवर जिजी आणि अक्का, मागे मी आणि आबा. गाडी धुळ्याबाहेर पडली तसे आबा माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “सूनबाई, एक विचारू? काम सांगताना सुरुवात कशी करतात? मी पाच वर्षं नुसतं ऐकलंच. सांगायची वेळ कधी आली नाही.”

मी त्यांना ह्यांचं वाक्य सांगितलं.

त्यांनी ते पारोळ्याला एकदा म्हणून पाहिलं. एरंडोलला दोनदा.

ऑफिसात खिडकीपुढे ही लांब रांग. आबा शेवटी जाऊन उभे राहिले, हातात माझा अर्ज. त्यांच्यामागे अक्का, मग जिजी, मग मी. माणसं वळून वळून पाहत होती, आपसात कुजबुजत होती. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. आतल्या कारकुनाने मान वर केली, आबांना पाहिलं आणि खुर्ची मागे ढकलून धावत बाहेर आला.

“साहेब, तुम्ही रांगेत? अहो, शोभतं का हे! या, या, तिकडे मागचं दार आहे, तिकडून सरळ आत या!”

आबा घोटाळले. पाऊल उचलणारच होते, तेवढ्यात अक्कांनी मागून त्यांचा सदरा धरला.

“नको हो भाऊ,” अक्का म्हणाल्या. “मागच्या दाराने नुसतं जेवण होतं. आम्ही काम घेऊन आलोय.”

कारकून गोंधळून आपल्या जागेवर परत गेला. पुढची माणसं बाजूला व्हायला लागली, पण आबांनी कोणालाही हलू दिलं नाही. पाऊण तास उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, अर्ज खिडकीतून आत सरकवला, एकदा माझ्याकडे वळून पाहिलं आणि घसा साफ केला.

“साहेब, एक लहानसं काम होतं.”